सुटलेला बेस आणि मागावी लागणारी दाद

शालेय क्रीडास्पर्धांमुळे बेसबॉल हा खेळ आपल्या मुलांना अगदीच परका राहिलेला नाही. तथापि भिवंडीच्या मैदानांवर क्रिकेट व कबड्डी यांचेच राज्य असल्याने, मुलांना हमखास अन्यायाचा वाटणारा बेसबॉलमधील एक नियम त्या दोन खेळांच्या आधारे समजावणे आम्हांस सोयीचे वाटते.

कबड्डीत चढाई करणारा कोणालाही स्पर्श न करता व निदान रेषा न ओलांडता परतला, तर पंच स्वतःहून त्याला बाद देतो. क्रिकेटमध्ये धाव अपुरी राहिल्यास पंच खांद्याला बोटे लावून ती वजा करतो. बेसबॉलमध्ये तसे नाही. पहिला, दुसरा, तिसरा बेस व अखेर होम प्लेट यांना क्रमाने स्पर्श झालाच पाहिजे. चेंडू कुंपणापार गेला तरी त्यातून सुटका नाही. मात्र एखादा बेस सुटल्याचे पंचाने डोळ्यांनी पाहिले, तरी तो चकार शब्द काढत नाही. क्षेत्ररक्षकांनीच चेंडू हाती घेऊन तो बेस अथवा धावपटू टिपावा आणि पंचाकडे दाद मागावी. तीही फलंदाजाला पुढचा चेंडू टाकण्यापूर्वी. तो टाकला गेला की सदोष धावही पक्की होते. अपील झाल्यावाचून क्रिकेटचा पंच बोट वर करीत नाही, हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असते. तोच हा न्याय.

धाव धरायची की नाही, हे किती गडी बाद आहेत यावर ठरते. समजा, दोन बाद आहेत, दुसऱ्या बेसवर एक धावपटू आहे आणि फलंदाजाने चेंडू कुंपणापार धाडला. फलंदाजाकडून दुसरा बेस सुटला व दाद मागितली गेली, तर तो तिसरा बाद. त्याची धाव गेली, पुढच्याची टिकली. पहिलाच बेस सुटला असेल तर दोन्ही धावा गेल्या. उलट, पुढच्या धावपटूकडून तिसरा बेस सुटला, तर मागून आलेल्या निर्दोष फलंदाजाचीही धाव जाते. एकच बाद असता तर ती टिकली असती.

याच्याशी जवळचे नाते असलेला प्रसंग 23 सप्टेंबर 1908 रोजी न्यूयॉर्क येथे घडला. जायंट्स व कब्ज यांची 1-1 अशी बरोबरी, शेवटचा डाव, दोन बाद. ब्रिडवेलच्या फटक्यावर तिसऱ्या बेसवरील मॅककॉर्मिकने विजयी धाव पूर्ण केली. पहिल्या बेसवरील एकोणीस वर्षांच्या फ्रेड मर्कलला दुसरा बेस गाठणे भाग होते. पण सामना संपला असे मानून, तत्कालीन रूढीप्रमाणे, तो वाटेतूनच वळला. कब्जच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मिळवून दुसऱ्या बेसला पाय लावला व दाद मागितली. याच एव्हर्सने 4 सप्टेंबरला पिट्सबर्ग येथे अशीच दाद मागितली होती. तेव्हा पंच हँक ओडे यांनी ती मानली नव्हती. या वेळी त्यांनीच मर्कलला बाद दिले व धाव रद्द झाली.

रूढी एक, लिखित नियम दुसरा, आणि नियम कोणी मागेपर्यंत निद्रिस्त. हे वाचताना आम्हांस महाड आठवल्यावाचून राहत नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये संमत केला, महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तो स्वीकारला. तरी चवदार तळे बंदच राहिले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या पाण्याला स्पर्श केला, आणि न्यायालयीन लढा 1937 पर्यंत उच्च न्यायालयात चालला. तुलना ताणू नये. एव्हर्सला सामना हवा होता, महाडला माणुसकी मागितली गेली.

मैदानावर प्रेक्षक घुसल्याने तो सामना अनिर्णित ठरला. हंगामाअखेर दोन्ही संघ बरोबरीत आल्याने 8 ऑक्टोबरला तो पुन्हा झाला. कब्ज 4-2 असे जिंकले. दोष मात्र आयुष्यभर मर्कलच्या माथी राहिला. ज्या थोरांचे पाहून तो वळला, त्यांना कोणी जाब विचारला नाही.