मुलांचं बक्षीस आणि गटाचं रजिस्टर



पेठ वडगाव परिसरातल्या गटांच्या बैठकीत कर्ज-परतफेडीचं बोलणं झालं की विषय हमखास पोरांवर येतो. "सांगून सांगून तोंड दुखतं, पण कोण ऐकत नाही." "दहा रुपये दिल्याशिवाय पुस्तक उघडत नाही." एकत्र कुटुंबात तर हे आणखी अवघड. सासू-सासरे, दोन-तीन जावा आणि सहा-सात मुलं. एकीने आपल्या मुलाला चॉकलेट दिलं की दुसरीचं रडायला लागतं. मुलांचं भांडण बघता बघता जावांचं होतं. म्हणून या अंकात बक्षिसाचा पाठ घेऊया.

बक्षीस वेगळं, लाच वेगळी

बाजारात मूल रस्त्यावर लोळतंय, आणि गप्प बसावं म्हणून आपण कुरकुऱ्यांची पुडी हातात दिली, तर ती लाच. त्यातून मूल एकच शिकतं, रडलं की मिळतं. बक्षीस आधी ठरलेलं असतं, सगळ्यांना माहीत असतं आणि काम झाल्यावरच मिळतं.

आधी अडचण बघा

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा या बायांनी मुलांना रागावण्यापेक्षा शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा.

आपणही तसंच बघायचं. मूल अभ्यासाला बसत नाही, तर त्याला बसायला जागा आहे का? त्या वेळी टीव्ही चालू असतो का? वाचताना अक्षरच लागत नाही का? अडचण तशीच ठेवून बक्षीस लावलं तर काही उपयोग नाही.

गटाची पंचसूत्री घरात

आपल्याला पंचसूत्री तोंडपाठ आहे. तीच घरात वापरा.

१. नियमित बैठक. रविवारी रात्री जेवणानंतर दहा मिनिटं सगळी मुलं आणि सगळे मोठे एकत्र बसा. पण त्याच्या आधी मोठ्यांचं एकमत पाहिजे. आईने नाही म्हटलं आणि आज्जीने गुपचूप दिलं, तर नियम पहिल्याच दिवशी मोडतो. आज्जीलाच अध्यक्ष करा, म्हणजे नियम त्यांचा होतो.

२. नियमित बचत. प्रत्येक मुलाला वयाप्रमाणे दोन-तीनच कामं द्या. धाकट्याने चपला जागेवर ठेवायच्या, मधल्याने दप्तर भरायचं, थोरल्याने जनावरांना पाणी दाखवायचं. काम झालं की एक चिंचोका बरणीत टाका. बरणी सगळ्यांची मिळून एकच ठेवा. प्रत्येकाची वेगळी ठेवली की चुलत भावंडांत ईर्षा लागते. शंभर चिंचोके झाले की बक्षीसही सगळ्यांना मिळून. बक्षिसाला पैसेच लागतात असं नाही. रविवारी काय जेवायचं ते मुलांनी ठरवायचं, आजोबांबरोबर ट्रॅक्टरवर बसून शेतात जायचं, किंवा जोतिबाला नाहीतर पन्हाळ्याला डबा घेऊन जायचं.

३. अंतर्गत कर्ज. गटात जिला गरज असते तिला आपण उभं करतो. तसंच थोरल्या बहिणीने किंवा भावाने धाकट्याला पाढे शिकवले, तर दोन चिंचोके टाका.

४. नियमित परतफेड. इथे कर्जदार आपण आहोत. जे कबूल केलं ते ठरल्या दिवशी द्या. ऊसबिल आल्यावर बघू, असं म्हटलं की मुलांचा विश्वास उडतो. आणि एकदा मिळवलेला चिंचोका रागाच्या भरात काढून घेऊ नका. गटातल्या बाईची बचत आपण कधी काढून घेतो का?

५. नियमित नोंद. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नावं आणि कामं लिहा. डेअरीत दूध घातलं की लगेच नोंद होते, तशी त्याच दिवशी खूण करा. हे काम आठवी-नववीतल्या मुलाकडे द्या.

मुलींचं काम मोजलं जातंय का?

नोंद करायला लागलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. मुलाने पाण्याचा तांब्या आणून दिला तर "किती शहाणा" म्हणून कौतुक. मुलीने भांडी घासली, केर काढला, धाकट्याला सांभाळलं, तर त्याची खूणसुद्धा नाही, कारण "ते तिचंच काम". बारा वर्षांची मुलगी हे सगळं करून रात्री नऊला अभ्यासाला बसते आणि आपण म्हणतो, हिचं अभ्यासात लक्ष नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात बक्षीस देऊच नका. कोण काय काम करतं एवढंच लिहा. रविवारी तो कागद सगळ्यांपुढे वाचा आणि कामं पुन्हा वाटा. भांडी मुलांच्याही वाट्याला येऊ द्यात. एवढी एक गोष्ट जरी झाली तरी पाठ कामाला आला म्हणायचं.

बक्षीस थांबवायचं कधी?

१९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक अभ्यास झाला. चित्रं काढायची आवड असलेल्या काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच सांगितलं नाही. थोड्या दिवसांनी बघितलं, तर बक्षिसासाठी चित्र काढलेली मुलं आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. म्हणजे जे मूल आवडीने करतं त्याला बक्षीस लावू नये. गोष्टीचं पुस्तक स्वतःहून वाचणाऱ्या पोरीला पानामागे रुपया देऊ नका.

बक्षीस नवीन सवय लागेपर्यंतच. दोन-तीन महिन्यांत सवय लागली की ते काम यादीतून काढा, दुसरं घ्या. शाबासकी मात्र बंद करू नका. नुसतं "छान" म्हणण्यापेक्षा "न सांगता वैरण टाकलीस, माझा अर्धा तास वाचला" असं म्हणा. मार्कांवर बक्षीस ठेवू नका, रोज अर्धा तास बसण्यावर ठेवा. मार्क मुलाच्या हातात नसतात, बसणं असतं. आणि जेवण कधीच शिक्षा किंवा बक्षीस करू नका. पोटभर जेवण हा मुलांचा हक्क आहे.

नियम मोठ्यांनाही

१९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर दरमहा १ रुपया दंड होता, आणि तो मुलाला नव्हे, पालकाला. घरातही तसंच करा. मुलांच्या अभ्यासाच्या वेळेत मोठ्यांनी मोबाईल बघितला, तर त्याचाही दंड ठरवा.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येकीने आपल्या घरातल्या मुलांचा एका आठवड्याचा कामाचा कागद घेऊन यायचा. मुलगा किती वेळ काम करतो, मुलगी किती वेळ करते, याची बेरीज करून आणायची. लिहिता येत नसेल तर रेघा मारून आणा, बेरीज आपण बैठकीत मिळून करू.