व्यवस्थापनशास्त्राचा प्रवेश : गुणांपलीकडची तयारी

बी. ए. नंतर पुढे काय, हा प्रश्न आपल्या महाविद्यालयात दरवर्षी ऐकू येतो. बी. एड. आणि स्पर्धा परीक्षा या दोन वाटा सर्वांना ठाऊक आहेत. व्यवस्थापनशास्त्राची वाट मात्र वाणिज्य आणि अभियांत्रिकीच्या मुलांची, असा समज रूढ आहे. वस्तुतः भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या 'कॅट' परीक्षेस कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. पदवीला ५० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना ४५ टक्के.

राज्याच्या सीईटीमार्फत होणाऱ्या केंद्रीय प्रवेशात परीक्षेचे गुणच मुख्य असतात. भारतीय व्यवस्थापन संस्थांचे तसे नाही. तेथे गुणांवर मुलाखतीचे बोलावणे येते. पुढे मुलाखत, पूर्वीच्या परीक्षांतील यश, कामाचा अनुभव या गोष्टी तोलल्या जातात. काही संस्था अभियांत्रिकीखेरीज अन्य शाखांच्या उमेदवारांना जादा गुणही देतात.

येथेच आपण अडतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. 'अनुभव' या रकान्यात लिहिण्याजोगे आपल्याजवळ काय आहे, असे माझ्यासारख्या अनेकांना वाटते. माझे म्हणणे असे की, पुष्कळ आहे. ते नीट मांडता आले पाहिजे.

उदाहरणार्थ, गावच्या दूध संस्थेत संकलनाला बसणारी मुले आपल्या वर्गात आहेत. 'संस्थेत मदत केली' एवढ्याने काही कळत नाही. किती वर्षे बसलो, रोज किती जणांचे दूध मापले, फॅटवरून दर कसा ठरतो, दहा दिवसांचे बिल कसे निघते, हे आकड्यांसह लिहावे. फॅट कमी लागली म्हणून भांडायला आलेल्या आजींची समजूत घालणे हेही व्यवस्थापनच होय.

दुसरी गोष्ट राष्ट्रीय सेवा योजनेची. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत दोन वर्षांत २४० तास काम व सात दिवसांचे शिबिर असते. केवळ प्रमाणपत्र जोडून भागत नाही. शिबिरात पन्नास जणांच्या जेवणाची जबाबदारी घेतली असेल, तर त्यावर पाच मिनिटे बोलता येते.

तिसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याची माहिती. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे तशाच घडणीच्या चपला सादर केल्या. कोल्हापूरचा उल्लेख प्रथम नव्हता, टीकेनंतर तो मान्य झाला. मानांकन असूनही कारागिराच्या पदरात काय पडते? कोल्हापूरच्या उमेदवाराला हा प्रश्न कोणीही विचारील. त्यावर आपले मत हवे.

परदेशी विद्यापीठे निबंध व शिफारसपत्रेही मागतात. ज्या प्राध्यापकांना आपण फक्त हजेरीपटावर ठाऊक आहोत, ते काय लिहिणार? तासानंतर शंका विचाराव्यात, चर्चासत्रात निबंध वाचावा. इंग्रजीची भीती असल्यास रोज एक बातमी मोठ्याने वाचून मित्राला इंग्रजीतच सांगावी.

मात्र न केलेले काम अर्जात लिहू नये. मुलाखतीतील दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते. मित्रहो, ही तयारी अर्ज भरण्याच्या आठवड्यात होत नाही. द्वितीय वर्षातच एक वही घालावी आणि केलेले काम, तारीख व आकडा त्यात टिपून ठेवावा.