वाळवंटांतील मुंगीची वाटमोजणी

आपल्या अंगणांतील मुंग्या रांगेनें चालतात, हें विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेलच. पुढचीनें जमिनीवर सोडलेल्या गंधाचा माग धरून मागच्या जातात. परंतु उत्तर आफ्रिकेंतील ट्युनिशियाच्या खाऱ्या मैदानांत हा उपाय चालत नाहीं. तापलेल्या भूमीवर असा गंध टिकत नाहीं. तेथें झाड नाहीं, धोंडा नाहीं, खूण म्हणावी असें कांहींच नाहीं. अशा ठिकाणीं कॅटाग्लिफिस नांवाची लांब पायांची मुंगी, उन्हानें मेलेले किडे शोधावयास, भर दुपारीं एकटीच बाहेर पडते. जातांना वाट नागमोडी, कधीं शंभर मीटरांहूनही दूर. पण भक्ष्य सांपडतांच ती सरळ रेषेंत बिळाकडे धांवत सुटते. बीळ चुकलें तर तें ऊन तिचाही प्राण घेईल.

हें तिला साधतें कसें? दिशा ती आकाशावरून घेते. वातावरणांतून येतांना सूर्याच्या प्रकाशलहरी ठराविक पातळींत कंप पावूं लागतात. हा भेद आपल्या डोळ्यांस कळत नाहीं, मुंगीच्या डोळ्यांस कळतो. अंतराचा प्रश्न याहून कठीण. त्याविषयीं विट्लिंगर, वेनर व वोल्फ या शास्त्रज्ञांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग आम्हांस फार मौजेचा वाटतो. बिळापासून १० मीटरांवरील अन्नाशीं आलेल्या मुंग्या पकडून त्यांनीं कांहींच्या पायांस डुकराचे राठ केस चिकटविले व कांहींचे पाय कापून आंखूड केले. (हें दुसरें कृत्य वाचून मनास बरें वाटत नाहीं.) मग त्यांस दुसऱ्या सरळ पन्हळींत सोडलें. लांब पायांच्या मुंग्या सुमारें १५ मीटर जाऊन बीळ शोधूं लागल्या. आंखूड पायांच्या सहा मीटरांच्या आंतच. पावलें तितकींच पडलीं, पाऊल मात्र बदललें होतें! पुढें त्याच नव्या पायांनीं बिळांतून निघून त्या परतल्या, तेव्हां अंतर बरोबर आलें.

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटांतही अशीच एक मुंगी आहे. पण तेथें गवताचे झुबके व झुडपें पुष्कळ. ही मुंगी त्या खुणा लक्षांत ठेवते, आणि अपरिचित जागीं सोडली असतां मोजलेलें अंतर पुरें न चालतांच शोध आरंभिते.

मग ट्युनिशियाच्या मुंगीस खुणा समजतच नाहींत काय? तसें नाहीं. तेथील मैदानाच्या मध्यभागीं, जेथें कांहींच दिसत नाहीं, तेथें तिच्या बिळांवर ४० सेंटीमीटरांपर्यंत उंच मातीचे ढीग आढळतात. कडेच्या झुडपांजवळ ते ठेंगणे असतात. जर्मनींतील संशोधकांनीं हे ढीग काढून टाकले व कांहीं बिळांजवळ काळे नळकांडे उभे केले. हा प्रयोग २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांच्याजवळ नळकांडें नव्हतें, त्या मुंग्या बहुतेक लागलीच नवा ढीग रचूं लागल्या. नळकांड्याजवळच्या बहुतेक मुंग्यांनीं ती खटपट केलीच नाहीं.