चक्कर, कानात आवाज आणि राहून गेलेली रक्ततपासणी

मोबाइल डाव्या कानाला लावला की समोरच्याचं बोलणं फाटक्या स्पीकरमधून आल्यासारखं वाटतं, उजव्या कानाला लावला की ठीक. कानात सतत सूं आवाज. अंथरुणातून उठताना भिंत धरावी लागते. अशा रुग्णाच्या फाइलमध्ये चक्करच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या असतात, मानेचा एक्स-रे तर हमखास. सिफिलिसची, म्हणजे गरमीची, रक्ततपासणी मात्र क्वचितच सापडते.

या रोगाचे जंतू रक्तावाटे अंतर्कर्णात आणि तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत शिरू शकतात. ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणाऱ्या नलिका शेजारी शेजारीच असल्यामुळे बहिरेपणा आणि भोवळ अनेकदा जोडीनं येतात. त्रास एका कानाला होतो किंवा दोन्ही. तो अचानक येतो किंवा कमीजास्त होत राहतो, म्हणून मेनिएर्स हा अंतर्कर्णाचा वेगळा आजार समजून उपचार चालू राहतात. सिफिलिसची जननेंद्रियावरची पहिली जखम बहुधा दुखत नाही, आपोआप भरते आणि विसरली जाते. कान बिघडतो तो कधी काही महिन्यांत, कधी कित्येक वर्षांनी.

आईकडून बाळाला झालेल्या संसर्गात तर मूल चांगलं मोठं झाल्यावरही ऐकू येणं कमी होऊ शकतं. गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत सिफिलिसची चाचणी करतात ती उगाच नाही.

डॉक्टरांनी लैंगिक संबंधांविषयी विचारलं तर रागावू नका. नातेवाइकांना बाहेर बसवून बोला. संसर्ग जुना असेल तर व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्तचाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून टीपीएचए ही दुसरी चाचणी करायची का, हे विचारा. सोबत एचआयव्हीचीही तपासणी करून घ्या.

कमरेत घ्यायचं पेनिसिलिनचं एक इंजेक्शन कानाच्या सिफिलिसला पुरत नाही. शिरेतून 10 ते 14 दिवस पेनिसिलिन द्यावं लागतं, बरेचदा जोडीला स्टेरॉइड. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. पहिल्या दिवशी ताप आला तर घाबरून उपचार सोडू नका. जंतू संपतात, पण गेलेलं ऐकणं सगळ्यांचं परत येत नाही. उशीर झाला तर आशा आणखी कमी.

म्हणून ऐकू येणं अचानक कमी झालं तर मळ असेल म्हणून घरी थेंब घालत बसू नका, एक-दोन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा. निदान झालं तर जोडीदाराचीही तपासणी हवीच. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ती मोफत होते.