निष्ठा कोणाची, कोणाशी?

[फुटबॉलचा खेळाडू आपला क्लब सोडून दुसऱ्या क्लबात जाऊ मागतो, तेव्हा लोक त्याला चटकन नावे ठेवतात. असे करणे दर वेळी योग्य असते का, याचा विचार या पाठात केला आहे.]

मित्रांनो, शाळेच्या मैदानावर गडी वाटून घेताना तुम्ही हे पाहिले असेल. चांगला गोल मारणारा मुलगा आज आपल्या संघात असतो आणि उद्या समोरच्या संघात जाऊन उभा राहतो. त्याचे जुने सोबती रुसतात. एखादा त्याला 'बेवफा' असेही म्हणतो. दोन दिवसांनी सगळे विसरून जातात. पण ज्यांचे पोट फुटबॉलवर चालते, त्यांच्या बाबतीत ही गोष्ट इतक्या सहज मिटत नाही.

तुम्ही उर्दूत ज्याला वफा म्हणता, त्याला मराठीत निष्ठा म्हणतात. 'इमान' हा शब्दही मराठीत याच अर्थाने चालतो. धन्याशी इमान राखणारा तो इमानी. आता 'करार' हा शब्द पाहा. मराठीत करार म्हणजे दोघांनी मिळून कबूल केलेल्या अटी. उर्दूत मात्र करार म्हणजे मनाची शांती, असाही अर्थ आहे. म्हणून तर अस्वस्थ माणसाला तुम्ही 'बेकरार' म्हणता. पुढे ज्या खेळाडूंची हकीकत येणार आहे, त्यांच्यापैकी काहींजवळ मराठीतला करार होता, उर्दूतला नव्हता!

पूर्वी इंग्लंडमध्ये खेळाडू आणि क्लब यांचा करार साधारणपणे एका वर्षाचा असे. वर्ष संपले की खेळाडू मोकळा झाला, असे तुम्हाला वाटेल. तसे नव्हते. करार संपल्यावरही त्याला राखून ठेवण्याचा हक्क क्लबला होता. क्लबने सोडचिठ्ठी दिली नाही, तर त्याला लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही क्लबात खेळता येत नसे. नव्या करारावर सही केली नाही, तर पगारही बंद. शिवाय कोणत्याही खेळाडूला ठरावीक रकमेपेक्षा जास्त पगार द्यायचा नाही, असा नियम होता. क्लबला मात्र खेळाडू विकून हजारो पौंड घेता येत.

या नियमाखाली टॉम फिनी आयुष्यभर खेळला. त्याचा जन्म १९२२ साली प्रेस्टन गावात झाला. वडिलांच्या आग्रहाने तो आधी नळदुरुस्तीचे काम शिकला, आणि मोठा खेळाडू झाल्यावरही त्याने हा धंदा सोडला नाही. लोक त्याला कौतुकाने 'प्रेस्टनचा प्लंबर' म्हणत. इंग्लंडकडून तो ७६ सामने खेळला व त्याने ३० गोल केले. १९५२ साली इटलीतील पालेर्मो या क्लबाने त्याला बोलावले. सही करताच १०,००० पौंड, दरमहा १३० पौंड, राहायला बंगला आणि फिरायला मोटार! इंग्लंडमध्ये त्या काळी खेळाडूचा ठरलेला पगार आठवड्याला १५ पौंडांच्या आत होता. म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळाची कमाई एका सहीत मिळणार होती. फिनीने ही गोष्ट क्लबच्या कानावर घातली. क्लबने साफ नकार दिला. विषय तिथेच संपला.

फिनी १९६० साली निवृत्त होईपर्यंत प्रेस्टनकडूनच लीगचे सामने खेळला. ४३३ सामने, १८७ गोल. लीगचे अजिंक्यपद त्याला मिळाले नाही. १९५४ साली त्याचा संघ एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात हरला. तो निवृत्त झाला आणि पुढच्याच हंगामात प्रेस्टनचा संघ खालच्या विभागात घसरला. एकनिष्ठ खेळाडू म्हणून आजही त्याचे नाव घेतात. पण मित्रांनो, ज्याला दार उघडून बाहेर जाताच येत नव्हते, तो घरात राहिला, एवढ्यावरून आपण काय म्हणणार? नियमाने त्याला प्रेस्टनमध्ये ठेवले, हे खरे आहे. मन लावून खेळायला मात्र कोणताही नियम लावू शकत नाही, आणि फिनी मन लावून खेळला. त्याची निष्ठा शोधायची, तर ती तिथे शोधावी.

आता दुसरी हकीकत ऐका. जॉर्ज ईस्टहॅम हा न्यूकॅसल युनायटेड क्लबचा खेळाडू. अंगाने सडपातळ, पण चेंडू अचूक पुढे देण्यात पटाईत. त्याच्या काही तक्रारी होत्या. क्लबने दिलेले घर राहण्यासारखे नाही, मैदानाबाहेर मिळवून दिलेले काम नीट नाही, असे त्याचे म्हणणे होते. १९६० साली करार संपला आणि त्याने नव्या करारावर सही करायचे नाकारले. मला दुसऱ्या क्लबात जाऊ द्या, असे तो म्हणाला. क्लबने ऐकले नाही. तेव्हा त्याने खेळणेच बंद केले. दक्षिण इंग्लंडमध्ये जाऊन त्याने नोकरी धरली. नोकरी कसली, तर बूच विकण्याची! देशातला एक नामवंत खेळाडू फुटबॉलच्या ऐन हंगामात बूच विकत होता. त्यावर टीका झालीच असेल, हे सांगायला नको.

अखेर क्लबने माघार घेतली आणि त्याला ४७,५०० पौंडांना आर्सेनल क्लबला विकले. त्याला हवे होते ते मिळाले. इथे तो गप्प बसला असता, तर आज आपण त्याच्याविषयी वाचत नसतो. खेळाडूंच्या संघटनेच्या पाठिंब्याने तो न्यायालयात गेला. ४ जुलै १९६३ रोजी न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला. करार संपल्यावरही माणसाला अशा रीतीने बांधून ठेवणे म्हणजे त्याच्या रोजगारावर घातलेले गैरवाजवी बंधन आहे, असे त्यांनी ठरवले. ईस्टहॅमला स्वतःला नुकसानभरपाई मिळाली नाही. फायदा झाला तो त्याच्यामागून येणाऱ्यांचा.

असेच पुढे बेल्जियममध्ये घडले. ज्याँ-मार्क बोसमन हा लिएज क्लबचा खेळाडू. १९९० साली त्याचा करार संपला. नवा करार हवा असेल तर महिना १,२०,००० फ्रँकऐवजी ३०,००० फ्रँक घे, असे क्लबने त्याला सांगितले. फ्रान्समधील डंकर्क क्लब त्याला घ्यायला तयार होता. पण लिएजने त्याला जाऊ दिले नाही. ज्याला पाव पगारात ठेवायचे, त्यालाच दुसऱ्याला देताना मात्र किंमत हवी! १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बोसमनच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून युरोपीय संघातील देशांच्या खेळाडूंना करार संपल्यावर त्या देशांतील कोणत्याही क्लबात मोफत जाता येऊ लागले.

दार उघडले. पण दार उघडल्यावर नवे प्रश्नही आत आले. करार संपल्यावर जाणे वेगळे आणि करार चालू असताना अडून बसणे वेगळे. १९९८ साली नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबात हेच घडले. पिएर व्हान होयडोंक या डच खेळाडूने १९९७-९८ च्या हंगामात लीगमध्ये २९ गोल केले आणि संघ वरच्या विभागात गेला. संघ आणखी बळकट करू, असे आश्वासन क्लबने दिले होते, असे त्याचे म्हणणे. झाले उलटेच. त्याच्या जोडीने आघाडीला खेळणारा केव्हिन कॅम्पबेल तुर्कस्तानच्या क्लबला विकला गेला. व्हान होयडोंक संतापला. तो नॉटिंगहॅमला आलाच नाही. आपल्या जुन्या डच क्लबात सराव करत राहिला.

नोव्हेंबरमध्ये तो परतला. डर्बी काउंटीविरुद्धच्या सामन्यात त्याने गोल केला. एरवी गोल झाला की सोबती धावत येऊन मिठी मारतात. त्या दिवशी सोबती धावले ते त्याला चेंडू देणाऱ्या खेळाडूकडे. गोल करणारा बाजूला एकटाच राहिला. हंगाम संपला तेव्हा फॉरेस्टचा संघ सर्वांत खाली होता.

यात दोषी कोण? मला विचाराल तर मी त्याची तक्रार खोटी म्हणणार नाही. कॅम्पबेलला विकताना क्लबने निष्ठेचा विचार केला नव्हता. पण त्याने ज्यांच्यावर राग काढला, त्यांनी कॅम्पबेलला विकले नव्हते. अकरा जणांच्या खेळात एक जण घरी बसला, तर त्याचे ओझे मालकाच्या खांद्यावर पडत नाही. ते उरलेल्या दहांच्या पायांवर पडते. ईस्टहॅमही खेळायचा थांबला होता, पण त्याचा करार संपलेला होता. व्हान होयडोंकचा करार चालू होता.

कधी कधी सारा प्रश्न एका रात्रीचा असतो. लिव्हरपूलचा कर्णधार स्टीव्हन जेरार्ड लहानपणापासून त्याच क्लबात वाढला. २५ मे २००५ रोजी इस्तंबूल शहरात त्याने युरोपचा चषक उचलला. नव्या कराराची बोलणी लांबली, तेव्हा क्लबला आपण नकोसे झालो, असे त्याला वाटू लागले. ५ जुलैला त्याने क्लब सोडण्याचा अर्ज दिला. चाहत्यांनी त्याच्या नावाची जर्सी रस्त्यात जाळली. दुसऱ्याच दिवशी त्याचा विचार बदलला आणि तो पुढे २०१५ पर्यंत तिथेच खेळला. त्याला चेल्सी क्लबात जायची मोकळीक होती. फिनीला ती कधीच मिळाली नाही.

आणि ज्यांनी ती जर्सी जाळली, त्यांचे काय? खेळाडू क्लब बदलतो. मालक क्लब विकतो. प्रशिक्षक तर दरसाल बदलतात. प्रेक्षकाला मात्र कोणी विकत घेत नाही आणि तोही कुठे जाऊ मागत नाही. प्रेस्टनचा संघ १९६१ साली खाली घसरला, तेव्हा फिनी मैदानात नव्हता. लोक मात्र त्याच मैदानावर येत राहिले. २००४ साली त्या मैदानाबाहेर फिनीचा पुतळा उभा राहिला. पाणी साचलेल्या मैदानात चेंडूमागे घसरत जाणारा फिनी, आणि दोन्ही बाजूंना उडणारे पाणी.

स्वाध्याय

१. करार संपल्यावरही इंग्लंडमधील खेळाडू मोकळा का होत नसे?

२. ईस्टहॅम आणि व्हान होयडोंक या दोघांनीही खेळणे थांबवले. दोघांच्या वागण्यात तुम्हाला कोणता फरक दिसतो? तुमच्या शब्दांत लिहा.

३. करार, तक्रार, हक्क, मालक, कबूल हे शब्द उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा उर्दूतील अर्थ सांगा आणि तो मराठीतील अर्थापेक्षा कोठे वेगळा आहे ते पाहा.

४. तुमच्या गल्लीतील संघाचा उत्तम खेळाडू दुसऱ्या संघात जाऊ इच्छितो. त्याच्यात आणि कर्णधारात होणारा संवाद लिहा.