कमानीचा बोल्ट : निवड आणि आवळणी

मारेगाव हा यवतमाळ जिल्ह्यातील कापूस पिकविणारा तालुका. लगतच्या वणी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. माल वाहणारे ट्रक, एस.टी.च्या गाड्या, रुग्णवाहिका आणि शाळकरी मुलांना नेणारी वाहने या भागातील रस्त्यांवरून धावत असतात. काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे रस्ता उंचसखल होतो आणि त्याचे धक्के वाहनाच्या कमानींना सोसावे लागतात. कमानीचे पाटे ॲक्सलला जखडणारे यू-बोल्ट सैल झाले, तर पाट्यांमधील सेंटर बोल्ट तुटतो, ॲक्सल जागचा सरकतो आणि वाहन चालकाच्या ताब्यातून जाऊ शकते.

डोक्यावरील अंक

दिसण्यात सारखे असलेले दोन बोल्ट ताकदीने सारखे असतातच असे नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा अंक असेल, तर त्याची तुटण्याची मर्यादा दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन असते आणि तिच्या ८० टक्के, म्हणजे ६४० न्यूटन ताणानंतर तो कायमचा लांबतो. १०.९ वर्गासाठी हेच आकडे १००० व ९०० आहेत, साध्या ४.६ वर्गासाठी केवळ ४०० व २४० आहेत. असा साधा बोल्ट कमानीला लावणे धोक्याचे होय. वर्ग, जाडी, लांबी व आट्यांमधील अंतर या चारही बाबी वाहन-उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच असाव्यात. नटही बोल्टच्या वर्गास साजेसा हवा.

आवळणीचे शास्त्र

बैलगाडीच्या चाकावर तापवून चढविलेली लोखंडी धाव थंड होताना आकसते आणि चाक घट्ट धरून ठेवते. बोल्टचे कार्यही असेच आहे. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे जोडाचे भाग एकमेकांवर दाबले जातात. ताण कमी पडल्यास भाग हलू लागतात व बोल्ट थकून तुटतो. अधिक झाल्यास आटे जातात किंवा बोल्ट लांबतो.

पान्याने दिलेल्या पिळाच्या जोराला टॉर्क म्हणतात. ८.८ वर्गाच्या, १२ मिलिमीटर जाडीच्या, जाड आट्यांच्या कोरड्या बोल्टसाठी तो सर्वसाधारणपणे ९ किलोग्रॅम-मीटर धरता येतो. म्हणजे अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकास १८ किलोचा जोर. तथापि पुस्तिकेतील आकडाच अंतिम मानावा. या जोरातील सुमारे नऊ-दशांश भाग घर्षणातच खर्च होतो. त्यामुळे कोरड्या बोल्टसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या बोल्टला वापरल्यास तो प्रमाणाबाहेर ताणला जातो. पान्याला नळी जोडून अंदाजाने आवळण्याची पद्धत म्हणूनच सदोष आहे.

यू-बोल्टचे नट समोरासमोरच्या कोपऱ्यांत, आळीपाळीने व टप्प्याटप्प्याने आवळावेत. रबरी बुश असलेल्या जोडाची अखेरची आवळणी वाहनाचा भार चाकांवर आल्यावरच करावी. अन्यथा रबर पिळलेल्या स्थितीत राहून लवकर फाटते. नायलॉनचे कडे असलेला नट पुन्हा वापरू नये. काही अंतर वाहन चालविल्यावर यू-बोल्टची आवळणी पुन्हा तपासावी.

कार्यालयांची जबाबदारी

ज्या पंचायत समित्या, शाळा व रुग्णालये यांच्याकडे वाहने आहेत, त्यांनी खरेदीच्या मागणीपत्रात केवळ ‘बोल्ट’ असे न लिहिता त्याचा वर्ग व माप नमूद करावे. दुरुस्तीच्या नोंदवहीत टॉर्कचा आकडा, दिनांक व फेरतपासणी यांची नोंद घ्यावी. बोल्टची किंमत अल्प असते. त्याच्या भरवशावर प्रवास करणाऱ्यांचे प्राण मात्र अनमोल आहेत.