८७० मीटर उंचीची ऊर्जा गेली कोठे?

पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा खेळ म्हणजे स्कीइंग. त्यातील सर्वांत वेगवान शर्यत ‘डाउनहिल’. स्पर्धक एकेक करून सुटतात. पायथा गाठण्यास ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल तो विजयी.

ऑस्ट्रियाच्या फ्रान्त्स क्लामरने १९७४-७५ च्या हंगामात विश्वचषकाच्या नऊपैकी आठ डाउनहिल शर्यती जिंकल्या. ५ फेब्रुवारी १९७६ रोजी इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो सुटला, तेव्हा स्वित्झर्लंडच्या बर्नहार्ड रूसीची १ मिनिट ४६.०६ सेकंदांची नोंद त्याच्यापुढे होती. अर्ध्या वाटेत क्लामर मागे होता. अखेर त्याने १ मिनिट ४५.७३ सेकंदांत पायथा गाठला. फरक अवघा ०.३३ सेकंदाचा!

आता वही घ्या. मार्गाची लांबी ३०२० मीटर, उंचीतील फरक ८७० मीटर. लांबीला १०५.७३ ने भागा. सरासरी वेग सेकंदाला सुमारे २८.६ मीटर, म्हणजे ताशी १०३ किलोमीटर येतो. या वेगाने ०.३३ सेकंदात साडेनऊ मीटरांहून थोडे कमी अंतर कापले जाते. तीन किलोमीटरांच्या शर्यतीचा निकाल तेवढ्यावर लागला.

समजा, स्पर्धकाचे साहित्यासह वस्तुमान ८० किलोग्रॅम आहे. माथ्यावर त्याची स्थितिज ऊर्जा ८० × ९.८ × ८७०, म्हणजे सुमारे ६,८२,००० ज्यूल होते. ही सर्व ऊर्जा गतिज ऊर्जेत बदलली असती, तर पायथ्याशी त्याचा वेग सेकंदाला १३० मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४७० किलोमीटर झाला असता! प्रत्यक्षात तो सेकंदाला ३० मीटर मानला, तर गतिज ऊर्जा फक्त ३६,००० ज्यूल भरते. म्हणजे सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाटेतच खर्ची पडते.

ती घेणारे दोघे : हवा आणि बर्फ. वेग दुप्पट झाला की हवेचा अवरोध चौपट होतो. म्हणून स्पर्धक गुडघ्यांत वाकून, हात पुढे घेऊन अंग चोरतो. वळणावर अभिकेंद्री बल मिळवण्यासाठी स्कीची कड बर्फात रुतवावी लागते. ती बेताने रुतवली तर वळण साधते. स्की आडवी घासली तर ऊर्जा वाया जाते. गुरुत्वाकर्षण सर्वांना सारखेच देते. विजेता तो, जो कमी गमावतो.

क्लामरच्या कारकिर्दीतही हेच दिसते. १९७५ ते १९७८ असे सलग चार वर्षे त्याने डाउनहिलचा विश्वचषक पटकावला. पुढे तो मागे पडला. १९८० च्या ऑलिंपिक संघात त्याला जागाही मिळाली नाही. डोंगर तेच होते, गुरुत्वाकर्षणही तेच. पण जेथे शतांश सेकंदांवर निकाल लागतो, तेथे किंचित उणीवही पुरते. तरी त्याने जिद्द सोडली नाही. डिसेंबर १९८१ मध्ये तो पुन्हा जिंकला आणि १९८३ मध्ये पाचव्यांदा डाउनहिलचा विश्वचषक त्याच्या हाती आला. १९८५ मध्ये निवृत्त होताना डाउनहिलमधील २५ विश्वचषक शर्यतींचे विजय त्याच्या नावावर होते.

जाता जाता एक प्रश्न. निर्वात जागेत जड व हलक्या वस्तू बरोबरच खाली पडतात. मग सारख्याच आकारमानाच्या दोन स्पर्धकांपैकी जड स्पर्धकाला डाउनहिलमध्ये थोडा फायदा का होतो? हवेचा अवरोध वस्तुमानावर अवलंबून आहे काय, याचा विचार करा आणि उत्तर वर्गात आपल्या शिक्षकांना सांगा.